मागची सीट

चार महिन्यांत कानसेननं अकरा मोटारसायकली नाकारल्या होत्या. शोरूममधला टायवाला आता तो दारात दिसला की आधी घोटभर पाणी प्यायचा आणि मगच हसायचा.

कानसेन हे नाव त्याला बसडेपोच्या वर्कशॉपनं दिलेलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्याची पद्धत. कुठलं बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते तो त्यावरून सांगायचा. सदतीस वर्षं हेच केलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी स्क्रूड्रायव्हर अजून शर्टाच्या आतल्या खिशात असे.

त्याला हवी होती उघड्या इंजिनाची गाडी. गोल दिवा, फुगीर टाकी, तारांची चाकं, आणि यंत्र सगळं डोळ्यांसमोर. "प्लॅस्टिकचे सदरे घातलेल्या गाड्या मला दाखवू नका," त्यानं पहिल्याच दिवशी टायवाल्याला बजावलं होतं. "आत काय दुखतंय ते दिसलं पाहिजे."

तशा गाड्या हल्ली पुष्कळ निघाल्या होत्या. जुन्या वळणाच्या, आतून नव्या. दिसायला एकीपेक्षा एक. पण कानसेन ट्रायल घेऊन परत यायचा तो कपाळाला आठ्या घालूनच.

"ओढत नाही."

"काका, ही गाडी डोंगर चढते!"

"डोंगर तुम्ही चढवा. मला सपाट रस्त्यावर ओढत नाही."

काळी ओढत नव्हती. तांबडी मागून बसत होती. हिरवी त्याला मनापासून आवडली होती, तिचा आवाज तर एखाद्या शहाण्या माणसासारखा, कमी आणि मुद्द्याचा. पण तीही वळणावर जड व्हायची. कानसेन चिडायचा, आणि त्याहून जास्त चिडायचा तो स्वतःवर. कानाला दोष सापडत नव्हता. इंजिन ठणठणीत, चेन बरोबर, हवा बरोबर. मग गाडी जड का? सदतीस वर्षांत यंत्रानं त्याला असं कधी उत्तर दिलं नव्हतं.

घरी बायको वाटच बघत असे.

"काय झालं? आज काय खोट निघाली?"

"मागून बसते गाडी."

"अहो, जावई ठरवताना तुम्ही चार प्रश्न विचारलेत. या गाडीला चारशे झाले."

"जावयाला क्लच नव्हता."

"आवाज तर करतोच की."

ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. रोज शेकडो चादरींच्या घड्या. या शनिवारी तिचा कामाचा शेवटचा दिवस होता. घरात मोटारसायकल नव्हती म्हणून बावीस वर्षं ती बसनं गेली आणि बसनं आली. त्याआधी कानसेनची एक जुनी मोटारसायकल होती आणि तिची मागची सीट बायकोची होती. ती गाडी त्यानं अचानक विकून टाकली होती, कारण न सांगता.

"शनिवारी मी बसनं येणार नाही," बायकोनं सांगून ठेवलं होतं. "तुमच्या मागे बसून येणार. बायका फाटकापर्यंत पोचवायला येणार आहेत, त्यांच्यादेखत बसणार. जमत नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी आशा तरी सोडते."

हे ती हसत म्हणाली होती. म्हणूनच ते कानसेनला जास्त लागलं.

सोमवारी त्यानं हिरवी पुन्हा काढायला लावली. या वेळी तो तयारीनं गेला होता. मागच्या शॉकअपच्या दांडीवर त्यानं रबराची एक बारीक कडी चढवली. वजन पडलं की दांडी आत जाते आणि कडी सरकते. किती सरकली यावरून गाडीवर किती भार होता ते कळतं. तो एकटा बसला. कडी बोटभर सरकली. मग एकही खड्डा नसलेला गुळगुळीत रस्ता बघून एक फेरा मारून आला.

कडी अडीच बोटं सरकली होती.

"धक्क्यानं सरकली असेल," टायवाला म्हणाला.

"बसा मागे."

"मी?"

"बसा हो. पगार बसायचाच मिळतो ना तुम्हाला?"

त्यानं कडी पुन्हा वर सरकवली आणि स्वतः पुढे बसला. टायवाला टाय सावरत मागे बसला. कडी सरकून बरोबर अडीच बोटांवर आली. टायवाला खाली वाकून बघत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे दोघांच्या वजनाला गाडी बरोबर आहे की, काका."

"मी एकटा गेलो होतो."

"हो ना. मग मागचे फुटरेस्ट कशाला उघडता दर वेळी? आम्हाला परत बंद करावे लागतात."

कानसेननं वळून बघितलं. मागच्या माणसानं पाय ठेवायचे दोन्ही फुटरेस्ट खाली उघडलेले होते. निघताना ते मिटलेले होते. हे त्याला नक्की आठवत होतं, कारण मिटलेली गाडी त्याला देखणी वाटायची.

"दर वेळी?"

"अकराच्या अकरा गाड्यांना."

बुधवारी त्यानं घरून दोरीचा तुकडा नेला आणि हिरवीचे दोन्ही फुटरेस्ट वर करून गच्च बांधले. गाठ स्वतःच्या दातांनी ओढली. फेरा मारून आला. फुटरेस्ट खाली होते. दोरी तुटली नव्हती. ती सोडवून, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी नीट गुंडाळून, मागच्या हँडलला अडकवून ठेवली होती.

कानसेननं दोरी काढून घेतली. ती खिशात घालून चालत घरी गेला. रस्त्यात दोनदा तो थांबला आणि त्यानं खिसा चाचपला.

दोरी अशी गुंडाळणारा माणूस त्यानं आयुष्यात एकच बघितला होता. वर्कशॉपमध्ये त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. अंगानं काटकुळा, आणि कुठल्याही पार्सलची दोरी फेकू द्यायचा नाही. सोडवायचा, आठात गुंडाळायचा आणि खिळ्याला अडकवायचा. म्हणून त्याचं नाव सुतळी.

वर्कशॉपचा एक दंडक होता. ज्यानं नट आवळला, त्यानं ट्रायलला मागे बसायचं. आपल्या कामावर आपला जीव ठेवायचा. सगळं ठीक वाटलं की मागच्यानं पुढच्याच्या पाठीवर दोनदा थाप मारायची. म्हणजे पास. थाप मिळेपर्यंत पुढच्यानं गाडी वळवायची नाही.

बावीस वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत कानसेननं सुतळीच्या मोटारसायकलचं मागचं चाक बसवून दिलं होतं. सुतळी गाडीवर बसला, किक मारली आणि मागची सीट थोपटली. "ये."

कानसेनचा चहा नुकताच ओतला होता. "तू हो पुढं. नट मी आवळलाय, डोळे झाकून जा."

"मग थाप कोण देणार?"

"आलास की देतो!"

सगळे हसले. सुतळीही हसला आणि गेला.

संध्याकाळी गावाबाहेरच्या पुलापलीकडे मोटारसायकल सापडली. स्टँडवर उभी. किल्ली जागच्या जागी, मागचे दोन्ही फुटरेस्ट उघडलेले. नदीत आठ दिवस शोधलं. माणूस मिळाला नाही. मागच्या चाकाचा नट कानसेननं स्वतः पान्यानं तपासला. आवळला होता तसाच होता, केसभर सैल नाही. तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं, आणि ते हायसं वाटणं त्याला पुढं कधी पचलं नाही.

गुरुवारी बायकोची सुट्टी होती. ती त्याच्याबरोबर शोरूममध्ये आली. टायवाल्यानं तिच्यासाठी खुर्ची मागवली, इतकी त्याला मदतीची गरज होती.

कानसेन हिरवीकडे न बघता सरळ कोपऱ्यातल्या राखाडी गाडीपाशी गेला. गोल दिवा, उघडं इंजिन, आणि एकट्याचीच सीट. मागे नुसता उतरता पत्रा. फुटरेस्टची भोकंसुद्धा नव्हती.

"ही," तो म्हणाला.

बायको गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "छान आहे. आणि मी कुठे बसू? दिव्यावर?"

"अगं, तू..." काय सांगणार? तुझ्या जागेवर कोणीतरी बसतंय?

"राहू दे." तिनं पर्स मांडीवर घेतली. "या जाऊन फेरा मारून. ठरली की सांगा. शनिवारी सहाची बस असते मला, पाठ आहे."

टायवाला खिडकीबाहेर बघू लागला.

फाटकाबाहेर पडताच राखाडी गाडी हलकी झाली. इतकी हलकी की कानसेनला हेल्मेटच्या आत हसू आलं. चार महिने! चार महिने नुसता डोक्याला ताप, आणि औषध एवढंसं. बायकोची समजूत काढता येईल. आज ना उद्या.

चौकात उजवीकडे वळायचं होतं. गाडी सरळ गेली.

आपलंच लक्ष नव्हतं, असं त्याला वाटलं. पुढच्या चौकात वळू.

पुढच्या चौकातही गाडी सरळ गेली.

मग त्याच्या लक्षात आलं की छातीला वारा लागत नाही. दोन्ही बाजूंची झाडं मागे पळत होती, बाह्या फडफडत होत्या, पण छातीवर काही नव्हतं. या गाडीला पुढे काच नव्हती. आडोसा नव्हता.

मळ काढायच्या जुन्या साबणाचा वास आला. वर्कशॉपमधला, पिवळ्या वडीचा.

किती वेगानं चाललोय ते बघायला त्यानं मान एका बाजूला काढली. मीटर दिसलं.

मान बाजूला का काढावी लागली, ते त्याला नंतर कळलं.

गावातली घरं संपली. पूल आला. पूल गेला.

पुढे रस्ता सरळ होता आणि रिकामा.

त्यानं उजवा हात मुठीवरून सोडला. मूठ सोडली की वेग मरतो, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. वेग मेला नाही.

त्याला बोलायचं होतं. चहा, असा एकच शब्द तोंडात आला.

त्यानं हात पुढे केला आणि दोनदा थाप मारली.

हाताला काय लागलं ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही.

गाडी हळू झाली. रस्त्याच्या कडेला घेऊन, मागचं पुढचं बघून, नीट वळली.

"काका, पन्नास मिनिटं!" टायवाला दारातच उभा होता. "आम्ही दोघं घाबरलो इथं. बरं, ही पॅक करायची?"

कानसेननं हेल्मेट काढलं. बायको खुर्चीतून उठली होती.

"हिरवी," तो म्हणाला.

"हिरवी? ती ओढत नाही ना?"

"ओढेल. शनिवारी दुपारी पाहिजे."

बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती.  तिनं रुमाल काढून त्याच्या हातात दिला, कारण त्याच्या उजव्या पंजाला काळं वंगण लागलं होतं आणि राखाडी गाडी नवीकोरी होती.

शनिवारी आभाळ भरलेलं होतं, वारा गार सुटला होता. दुपारी गाडी ताब्यात घेताना कानसेननं स्वतःच्या हातानं मागचे फुटरेस्ट मिटले. गाडी निघाली ती जडच निघाली. मागून बसत होती, वळणाला कुरकुरत होती. या वेळी तो चिडला नाही. खड्डे बघून, ब्रेक सांभाळून, मागे सवारी असताना माणूस चालवतो तशी त्यानं ती चालवली.

हॉस्पिटलच्या वाटेवर त्याचं जुनं वर्कशॉप लागत होतं. फाटकातून एक बस बाहेर येत होती, म्हणून तो पाय टेकून थांबला. वळायला तिला वेळ लागला. आतून हातोड्यांचे आवाज येत होते, आणि पाने टाकल्याचे, शिव्यांचे आणि हसण्याचे.

थांबल्या थांबल्याच मागचा शॉकअप हलकेच वर आला.

कानसेननं मागे बघितलं नाही. बस गेली. त्यानं गिअर टाकला, आणि हिरवी गाडी पाखरासारखी निघाली.

हॉस्पिटलच्या फाटकात दहाबारा बायका उभ्या होत्या. मधोमध त्याची बायको, भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरून. "आली गं वरात!" कोणीतरी ओरडलं. बायको लाजली, घड्याळ सावरलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फुटरेस्ट उघडावे लागले नाहीत. सरळ पाय ठेवला आणि बसली. जरा सरकली, पुन्हा सरकली, मग त्याच्या कानाशी वाकली.

"अहो, सीट गरम आहे की," ती म्हणाली. "कोणाला सोडून आलात?"