शंभरावी ओळ

"अहो कॉम्प्युटरवाले, इथं द्राक्षं पॅक होतात. खेळायचं असेल तर स्टँडवर जाऊन बसा!"

माझी लेक हर्षाली योगेशशी पहिल्यांदा बोलली ती अशी. पिंपळगावात आमचं पॅकहाऊस. वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून नाशिक रोडहून हा पोरगा आलेला. यंत्राचं काम यंत्र करत होतं, आणि हा काळ्या पडद्यावर वरून पडणारे हिरवे ठोकळे रचत बसलेला.

"टर्मिनलमधला खेळ आहे मॅडम, कामाला धक्का नाही."

"तो आडवा टाकलात? खाली भोक राहिलं की! आमची भागीबाईसुद्धा पेटीत असं भोक ठेवत नाही."

"मग तुम्हीच रचा..."

ती बसली. घड फिरवून फिरवून पेटीत बसवणारी बोटं ती — ओळी भरायच्या आणि नाहीशा व्हायच्या. मेला पडद्याकडे बघतच नव्हता.

अर्ध्या दिवसाचं काम पाच दिवस चाललं. मला काय कळत नाही?

सहाव्या दिवशी मात्र निमित्तं संपली. संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याला निघणार, नव्या नोकरीवर. दुसऱ्या दिवशी निफाडचे पाहुणे हर्षालीचा होकार मागायला येणार. मी दाराशी कात्रीनं खराब मणी काढत बसले होते. त्यांना वाटलं, आईचं लक्ष घडात आहे.

"मी शंभर ओळी पुऱ्या केल्या," हर्षाली हळूच म्हणाली, "तर तुम्ही आत्ताच्या आत्ता आईला विचारायचं."

"काकूंना? ...आणि नाही झाल्या तर?"

"तर निफाडला हो म्हणते."

"असं नको ना, हर्षाली..."

"सहा दिवस झाले, तुमच्या तोंडून निघतंय का काही?"

आकडे मला वाचता येतात. ऐंशी... नव्वद... शहाण्णव. आणि लाईट गेली! कॉम्प्युटरची बॅटरी टूं-टूं करायला लागली.

"दोन मिनिटं चालेल फार तर." योगेश म्हणाला.

ढीग वर चढत चाललेला. उजव्या कडेला चार ओळींची उभी फट. तिथं लांब ठोकळाच हवा, आणि तो काही येईना.

"घाई नको—"

"तुम्ही गप्प बसा!"

तिच्या ओठावर घाम. माझी कात्री कधी थांबली, कोण जाणे.

आला! लांब, उभा... निम्म्यात पोचला... आणि पडदाच विझला.

हर्षालीनं बोटं उचलली. "नाही बसला," ती म्हणाली. माझीच लेक, खोटं बोलता येत नाही.

योगेशनं बॅग उचलली. ती खांद्याला लावायचंही त्याला सुचेना.

"काय नाय बसला?" मी म्हटलं. "बसला. चारही ओळी गेल्या, माझ्या डोळ्यांदेखत. ए पोरा, ठेव ती बॅग. विचार आता."

"काकू... मी... हर्षालीला..."

"लय लांबवू नको. हो म्हटलं! निफाडला मी कळवते."

चाळीस वर्षांत रिकामी जागा राहिलेली पेटी मी भरली म्हणून सोडली नव्हती. ती एक सोडली.