कमरेचा दोर

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय हे. असलं काही रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो, दुपारचे सव्वातीन वाजले होते. संशोधन संस्थेचा दुसरा मजला, डोक्यावर ट्यूबलाइट.

मावशीचं काम म्हणजे खोल समुद्रातले जीव मोजणं. जहाज चार हजार मीटर खाली, थेट तळापर्यंत कॅमेरा सोडतं. ते फोटो संस्थेत येतात. मावशी एकेक उघडते आणि आकडा टाकते. समुद्रकाकड्या तीन, तारामासे एक. प्रत्येक फोटो मावशी आणि आणखी एक मोजणारी, अशा दोघींनी मोजायचा, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकींना न विचारता. बाटली, पिशवी, वायर, माणसाची कुठलीही वस्तू दिसली की 'कचरा' हे बटण दाबायचं. दोघींनीही दाबलं की फोटो कायमचा पुसला जातो.

अकरा वर्षं हेच. बोट आता डोक्याला विचारत नव्हतं.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, त्याच जहाजावर होते. कॅमेरा खाली सोडायचं यंत्र चालवायचे. त्या दुपारच्या दोन वर्षं आधी एका लाटेनं त्यांना डेकवरून ओढून नेलं. सापडलेच नाहीत. मोहिमेच्या साहेबांनी अहवालात लिहिलं, 'कमरेला सुरक्षादोर बांधला नव्हता. स्वतःचा निष्काळजीपणा.'

झालं. हात झटकून मोकळे.

"पाण्याच्या ग्लासवरसुद्धा झाकण ठेवणारा माणूस तो," मावशी भेटेल त्याला सांगायची. "दोर न बांधता कडेला जाईल?"

कोण ऐकतंय? मेलेल्या माणसाला बोल लावायला कुणाच्या बापाचं काय जातं. शेवटी तिचा पोटचा मुलगाच म्हणाला, "आई, पुरे आता. बाबांचीच चूक होती."

ते तिच्या जिव्हारी लागलं. अहवालातलं ते एक वाक्य खोडलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

तर त्या दुपारी नव्या मोहिमेचे फोटो आले होते. दोनशे बारावा फोटो... समुद्रकाकड्या दोन.

दोनशे तेरावा... काहीच नाही.

दोनशे चौदावा... काहीच नाही. एक किडासुद्धा नाही. असं कधी होत नसे.

दोनशे पंधराव्या फोटोत चिखलात एक खड्डा होता. लांबट. तिनं फोटो मोठा केला.

बुटाचा ठसा.

पुढच्यात दोन. डावा, उजवा. कॅमेऱ्याच्या पुढे पुढे चाललेले.

चार हजार मीटर खाली कोण चालणार?

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं... शेजारच्या खोलीतली की-बोर्डची टकटक थांबली होती.

तिनं पुढचा फोटो उघडला.

ठसे वळले होते. दोन्ही पावलं जवळजवळ, कॅमेऱ्याकडे तोंड करून. आणि त्यांच्या वर, कमरेएवढ्या उंचीवर, पाण्यात... दोराचा वेढा. पक्की गाठ मारलेला. दोराचं दुसरं टोक खाली लोंबत होतं, झिजून तुटलेलं, धागे पिंजलेले.

वेढ्याच्या आत कुणीच नव्हतं.

दोर. माणसाची वस्तू.

बोट आपसूक गेलं. बटण दाबलं गेलं.

आपण काय केलं हे तिला दाबल्यावर कळलं. ती धावत शेजारच्या खोलीत गेली. दुसरी मोजणारी, तिला सगळे चष्मेवाली म्हणत, तोंडावर हात ठेवून बसली होती.

"ताई, तो दोर..."

"तू काय दाबलंस?"

चष्मेवालीनं मान खाली घातली. "नेहमीचंच."

पडद्यावर दोनशे सोळानंतर एकदम दोनशे अठरा. त्यात साधा चिखल. मागे जाऊन दोनशे पंधरा-सोळा उघडले, तर त्यांतही तेच. ठसेबिसे काही नाही.

दोघी तशाच अहवाल लिहिणाऱ्या त्या साहेबांकडे गेल्या. तळावर दोर दिसला, गाठ मारलेला, एवढंच मावशी बोलू शकली. साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही.

"फोटो दाखवा."

"पुसला गेला, साहेब."

"मग? आणि झिजलेला दोर असा फोटोत ओळखू येतो का, बाई?"

झिजलेला हा शब्द त्या दोघींपैकी कुणीच उच्चारला नव्हता.

साहेबांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं, बाहेरून.

याला तीन वर्षं झाली. अहवाल तसाच आहे. साहेबांना बढती मिळाली. मुलगा आजही म्हणतो, आईला भास झाला. चष्मेवालीनं नोकरी सोडली, ती आता फोनही उचलत नाही.

मावशी मात्र तिथेच आहे. ते बटण तिनं पुन्हा दाबलेलं नाही. बाटल्या, पिशव्या, सगळं तसंच सोडते आणि रोज बोलणी खाते. घरीसुद्धा जुने फोटो उघडून बघत बसते.

मी एकदा म्हणालो, "मावशी, येतील काका परत."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"एवढ्या खालून मला सांगायला आला होता रे तो," ती म्हणाली. "आणि मी त्याला कचरा म्हटलं. आता कशाला येईल?"