भिंतीपलीकडचा नागनाथ

"चैत्रात अवरे पेरलीत?" कंपाउंडपलीकडून कुणीतरी विचारलं आणि खो खो हसलं.

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. शेजारच्या आउटहाउसमध्ये नवा भाडेकरू आलाय, एवढं ऐकून होते. पण तो पहिल्याच दिवशी भिंतीवर कोपरं टेकून माझ्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, वेलावर हसेल…

"हसायला काय झालं?"

"वेल छपरावर गेला, फूल एक नाही. येणार कसं? रात्री मोठ्या होऊन थंडी पडल्याशिवाय अवरे फुलायची नाही. वाट बघा की."

"वाट बघणं मला जमत नाही."

"दिसतंय की," तो म्हणाला, आणि पुन्हा हसला. मेल्याचं हसू मात्र छान होतं!

हा नागनाथ. अथणीकडचा, कारखान्यात फिटर. मी नीरजा, तीन पिढ्यांची बंगळूरच्या मल्लेश्वरमची. शेत पाहिलं ते आगगाडीच्या खिडकीतून. साल एकोणसाठ. ऑफिसात टाइपरायटर बडवताना माझा जीव परसातल्या चार वाफ्यांत अडकलेला असे. साडेपाच वाजले की मी घरी धावे… आधी वाफ्यांसाठी, मग, खोटं कशाला बोलू, त्या भिंतीवरच्या कोपरांसाठी.

न्हाणीचं पाणी वांग्यांकडे वळवायला त्यानंच शिकवलं, माव्यावर राख मारायलाही. राखेची पुडी देताना बोटं लागली, तर दोघंही कितीतरी वेळ राखेबद्दलच बोलत राहिलो. तो गावाकडचं सांगू लागला, जोंधळ्याचं रान, मोटेचं पाणी, शेतातला हुरडा, की मला घरात बसवेना. रात्रभर कूस बदलत राही.

दसऱ्याआधी एका सकाळी तो हसला नाही.

"राजीनामा दिला. वडील थकलेत, आबांना आता शेत झेपत नाही. सोमवारी निघतो."

"आणि?"

"आणि काय… वांग्यांना पाणी बेतानं घाला."

असा संताप आला मला! "एवढंच सांगायचंय?"

तो भिंतीचं शेवाळ नखानं खरवडत राहिला. "तिथं नळ नाही, लाइट नाही. चार दिवसांत रडाल तुम्ही."

"रडले तर रडले! मला विचारलंत कधी?"

"भ्या वाटतंय की… नाही म्हणालात तर?"

"रविवारी पुढच्या दारानं या. अण्णा घरी असतात."

आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. माझ्या वडिलांसमोर खुर्चीच्या कडेवर बसून अथणीचा पाऊस, बंगळूरची कॉफी, सगळं बोलला, मुद्द्याचं सोडून. दाराआड माझा जीव टांगणीला. दहा मिनिटं… पंधरा… आता अण्णा उठणार, अंघोळीला जाणार! मी कॉफी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "अण्णा, हे मला मागणी घालायला आलेत. मी हो म्हटलंय."

नागनाथला ठसका लागला.

"खरं का हो?" अण्णांनी विचारलं.

"व्हय… म्हणजे… मी अजून विचारलंच नाही!"

"आमची नीरजा स्वल्प घाईची आहे." मग अण्णा माझ्याकडे वळले. "तिथं पाणी डोक्यावरून आणावं लागेल, पोरी. समजतं?"

"समजतं, अण्णा."

त्यांनी कप उचलून कॉफी संपवली. "सरी, ठीक आहे," शेवटी म्हणाले. "आता त्यांना निदान विचारू तरी दे."

मी तोंड मिटून उभी राहिले. नागनाथला पुरतं एक मिनिट लागलं. पण त्यानं विचारलं.