खंड्याचं न दिसणारं कुंपण

सांगलीच्या कृषी प्रदर्शनात मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या मनगटावर कुत्र्याचा पट्टा होता.

गवतात पांढऱ्या झेंड्यांची एक ओळ रोवली होती. तो त्या ओळीकडे चालत जायचा, मनगट कानाशी धरायचा आणि एकदम दचकून मागं यायचा... पुन्हा जायचा, पुन्हा दचकायचा. लोक हसून पुढं सरकत होते. मला मात्र सरकता येईना. एखादी गोष्ट कळली नाही की माझा पाय तिथून हलत नाही.

"हे काय चाललंय?" मी विचारलंच.

"कुत्र्याच्या जागी मी हाय," तो म्हणाला. "जमिनीत तार पुरलीय. जवळ गेलं की पट्टा आधी वाजतो. तरी पुढं गेलं, की बारीक चिमटा बसतो. कुत्रं आपसूक मागं फिरतं."

"आणि तुमी?"

"मी अजून शिकतोय —" तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटला.

कुंपण मला खरंच हवं होतं. माझा भाऊ ऋषिराज फौजेत आहे. सुट्टी संपवून तो ज्या एसटीनं गेला, ती दुपारी आमच्या वस्तीसमोरच्या हायवेवरून जाते आणि तिचा हॉर्न ऐकला की त्याचा कुत्रा खंड्या थेट रस्त्यावर धावतो. एकदा तर ट्रकखाली येता येता वाचला. आमचे आबा म्हणजे निवृत्त सुभेदार. त्यांनी बजावलं होतं, की पुन्हा रस्त्यावर दिसला तर खंड्या वडूजच्या आत्याकडे जाईल, साखळीला. आबा एकदा बोलले की बोलले. पण हे मी ऋषिराजला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

मग मी प्रश्न विचारत सुटले. तार न पुरता नुसत्या पट्ट्यावर, जीपीएसवर चालणारं कुंपण का नको? त्याची हद्द हलती असते, रस्ता इतका जवळ असल्यावर भरवसा नाही, असं तो म्हणाला. गोल हद्दीचं का नको? आमची जागा लांबट, म्हणून. विश्वजीत त्याचं नाव. न कंटाळता उत्तरं देत होता. शेवटी मी हात पुढं केला आणि म्हणाले, आधी मला लावा. तो घुटमळला... पण लावला. मुंगी चावल्यागत झालं, एवढंच. पट्टा सोडताना त्याची बोटं मनगटावर जरा जास्त वेळ रेंगाळली. आणि मी हात मागं घेतला नाही.

पुढच्या रविवारी तो तारेचं भेंडोळं घेऊन वस्तीवर आला. रानडुकरांसाठी उसाला लावतात तसलं झटका मशीन समजून आबांनी भुवया चढवल्या. तारेत फक्त इशारा असतो, चिमटा पट्टा काढतो, असं त्यानं समजावलं. तरी आबांनी तार आधी स्वतःच्या मुठीत धरून पाहिली. मग घर, गोठा, विहीर यांच्या भोवतीनं तार पुरली आणि वर पांढरे झेंडे लावले.

त्यानंतर दर रविवारी शिकवणी. दोरी धरून खंड्याला झेंड्यांपर्यंत न्यायचं, पट्टा वाजला की वळवायचं, वळला की भाकरीचा तुकडा. विश्वजीतचा नियम एकच, तो मात्र कडक. तारेपलीकडून खंड्याला कुणी हाक मारायची नाही. म्हणून तो स्वतः पलीकडं मुकाट उभा राही आणि खंड्या बघायला लागला की पाठ फिरवी. खंड्याला ती पाठ आवडेना. मलाही आवडेना.

खंड्या शिकत गेला तसे झेंडे कमी होत गेले. प्रत्येक झेंडा उपटताना मी उरलेले मोजायचे. झेंडे संपले की त्याचं येणंही संपणार होतं.

शेवटचे झेंडे काढायचा रविवार नेमका बेंदराचा, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याचा आला. बेंदराला आमच्याकडं जनावरांची जुनी दावी, तोंडावरच्या मोरक्या सगळं सोडतात. आईनं बैल धुतले, मोरक्या सोडल्या आणि त्याच हातानं खंड्याचा पट्टाही सोडून त्याच्या कपाळाला हिंगुळाचा लाल टिळा लावला. सणाच्या दिवशी मुक्या जनावराच्या गळ्यात कशाला काय, असं तिचं म्हणणं. मी पोळ्या लाटत होते. खिडकीत ठेवलेला पट्टा दिसला... आणि तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला.

खंड्या सुटला. मी पिठाच्या हातानं पावसातच मागं धावले. रस्त्याकडेला विश्वजीत नुकताच गाडीवरून उतरत होता. त्यानं खंड्याचा मोकळा गळा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. पण त्यानं हाक मारली नाही. पावसात तसाच पाठ फिरवून उभा राहिला.

जिथं झेंडा नव्हता, वाजायला काही नव्हतं, तिथं खंड्या थांबला. एक पाय उचललेला, कान ताठ. समोरून एसटी निघून गेली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, विश्वजीतच्या पाठीकडं पाहिलं, आणि मुकाट चिखलात बसला.

मी खंड्याच्या गळ्यात पडून रडले. खूप रडले.

"शिकला," विश्वजीत पलीकडून म्हणाला. आता तो वळला होता. "माझं काम संपलं."

"मग पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी... काय कारण सांगून येऊ?"

इतके दिवस प्रश्न मी विचारत होते. हा पहिलाच त्याचा होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं कधीपासून तयार होतं.

"तुमी मला लय आवडता," मी म्हणाले. "हे कारण चालंल?"

तो हसला. एक डोळा जरा जास्त मिटून, भिजत, सवयीनं तारेपलीकडंच उभा राहिला.

मागून, पायरीवरून आबांचा आवाज आला.

"आवं पाव्हणं, तार कुत्र्यासाठी घातलीया. तुमी आत या, पोळ्या निवाय लागल्यात."