क्रुसाचा अंगरखा

आंदेसच्या डोंगरातल्या त्या गावात चौकातल्या जुन्या दगडी क्रुसाला दर मे महिन्यात नवा अंगरखा चढवतात. शिवायचं काम नेमेसियाचं. तिच्या खुंटीवर गाठी मारलेल्या मापाच्या दोऱ्या टांगलेल्या असत, एक क्रुसाची आणि बाकीच्या माणसांच्या. क्रुसाचं माप पुन्हा घ्यायचं कशाला? दगड काही अंग धरत नाही.

यंदा मात्र तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा विदाल सणासाठी खाणीवरून यायचा होता, आणि बरेच दिवस त्याचा निरोप नव्हता. सणाच्या सकाळी, अंगरखा शिवून तयार झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण धरलेली दोरी विदालची होती. ती सुन्न झाली. रडूही येईना. नवं कापड आणायला आता वेळ नव्हता.

चौकात मक्याच्या दारूचे पेले फिरत होते. नणंद सातुर्निना शिडी धरून उभी होती.

"वन्सं, हा नाही बसायचा. मी विदालचं माप धरलं."

"अगं बाई! देवाच्या अंगात भाच्याचा सदरा?" सातुर्निना हसली. "चढव तर खरा, वहिनी. उसवला तर वरून शाल टाकू. पण खाणीचा ट्रक यायच्या आत उरक, नाहीतर पोरगा म्हणेल, आईनं माझे कपडे वाटून टाकले."

क्रूस चांगला दांडगा, हात तुळईसारखे. तरी अंगरखा कुठेही न अडकता खाली उतरला. खांदे जागेवर बसले.

"बघ, उगीच घाबरलीस," सातुर्निना म्हणाली. मग हळूच, "पण हा एवढा बारीक कधी झाला गं?"

नेमेसिया चुण्या सारख्या करत होती. डाव्या खांद्यावर तिचा हात थबकला. लहानपणी विदाल खेचरावरून पडला होता, हाड वाकडं जुळलं होतं. कापडाखाली तोच उंचवटा होता.

तिनं दाबून पाहिलं. दगड गार होता.

वळणावर ट्रकचा भोंगा वाजला. सगळे तिकडे धावले.

"वहिनी, चल की!"

नेमेसिया शिडीवरून उतरली नाही. मागे हाका, हसणं, गळाभेटी चालल्या होत्या. मग ट्रकचं मागचं फळकुट बंद झाल्याचा आवाज आला.

सातुर्निना एकटीच परत आली. तिनं पुन्हा शिडी धरली.

नेमेसियानं मागे वळून पाहिलं नाही. ती गळ्याशी फीत बांधत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "आतून घालायला लोकरीचं काही आहे का घरी? गारठलाय हा."