घावाची भूक

चारुलता बिवलकरचे पत्र तहाच्या आदल्या आठवड्यात नदीपलीकडून चोरून आले. तिकडच्या भिंती आता तीच राखत होती; ती जुनी विद्यार्थिनी असली तरी शत्रूच्या शहरात काय लिहायचे, हे न सुचून डॉ. केळुसकरांनी उत्तर दिले नव्हते. पत्रात एकच प्रश्न होता: "सर, घाव थांबले की तुमचीही तार ढिली पडते का?"

पडत होती. शहरातल्या मोठ्या इमारतींना बाहेरून तारजाळीच्या पेट्या जडवल्या होत्या, आत काळा दगड ठासलेला. गोळा आदळला की दगड एकमेकांवर घासून त्याचा जोर गिळत, आणि केळुसकरांनी शोधलेली घावपोषी तार त्या धक्क्याने आणखी आवळे. युद्धभर भिंती मार खाऊन तगड्या झाल्या. मग तह झाला, आणि पंधरवड्यात तार ढिली पडून शाळेची भिंत सुटली. प्रार्थनेला उभ्या पोरांवर दगडांचा लोंढा कोसळला. केळुसकर पोचले तेव्हा बाप नखांनी दगड उपसत होते आणि खालचा प्रत्येक दगड रक्ताने चिकट झाला होता.

आता पाळी रुग्णालयाची होती.

"घणाने ठोकू," तोफखान्याचे मेजर शिर्के म्हणाले.

"घण तारेला लागतच नाही. गोळाच हवा."

पेट्या उतरवायला दोन महिने लागतील, तार आठवडाही तग धरणार नाही, हे केळुसकरांनी चाचरत सांगितले. रुग्ण हलवावेत तर गावात दुसरे धड छप्पर नव्हते. शेवटी त्यांनी आपल्याच तोफा फिरवायला सुचवले.

मेजर हसले. "डॉक्टर, माझ्या गोलंदाजाची आई तिथे दुसऱ्या मजल्यावर आहे. तो आधी मला उडवील. रुग्णालयावर गोळा टाकायला शत्रूच लागतो."

केळुसकर टेबलापाशी बसले. मग त्यांनी कागद ओढला.

"चारुलता, पडते. तुमचीही पडत असणार. सोमवारी सकाळी आमच्या रुग्णालयाच्या पूर्वेच्या भिंतीवर मारा करवा, खिडक्या सोडून. तुमच्या कुठल्या भिंतीवर मारायचे ते कळवा. हे पुढे चालूच ठेवावे लागेल. काही गोळे चुकतील, माणसे मरतील. भिंती पडल्या तर त्याहून जास्त. तुमच्या गोलंदाजांना मात्र खरे सांगू नका. आम्ही त्यांच्या आया मारल्या, असेच त्यांना वाटत राहू दे. नाहीतर त्यांचा हात उठणार नाही. आमच्या गोलंदाजांना मी तुमच्याविषयी तेच सांगतो आहे."

तहाच्या टपालाची होडी सुटायच्या बेतात होती. त्यांनी पाकीट नावाड्याच्या हाती दिले.