पाहुण्यानं विचारायचा प्रश्न

मध्ययुगीन युरोपातल्या शिलेदारांच्या दंतकथा म्हणजे मानवी आत्म्याच्या शोधाचा सर्वोच्च आविष्कार होय, असं मी लोहाऱ्याच्या कॉलेजात बावीस वर्षं सांगत आलो आहे. यंदा या आविष्काराला तीन विद्यार्थी होते. त्यातला एक पंख्याखालच्या बाकासाठी येई.

एप्रिलच्या शेवटी मी जखमी राजाची गोष्ट शिकवली. राजाच्या मांडीत भाला लागलेला. जखम भरत नाही, तो मरतही नाही. होडीत बसून मासे धरतो, आणि तिकडं त्याचं राज्य वाळत जातं. एक तरुण शिलेदार त्याच्याकडं जेवायला येतो. जेवताना समोरून एक पात्र नेलं जातं, आणि रक्त ठिबकणारा एक भाला. हे कुणासाठी, एवढं त्यानं विचारलं असतं तरी राजा बरा झाला असता. पण बडबड करू नये असं त्याला शिकवलेलं. तो गप्प जेवतो. सकाळी वाडा रिकामा. मग मी आयर्लंड-वेल्सच्या केल्टिक पुराणांवर आलो: तिथं राजाचं लग्न जमिनीशी लागलेलं, म्हणून राजाचं अंग मोडलं की जमीनही मोडते, आणि हे पात्र म्हणजे त्यांच्या देवांची कधी न संपणारी कढई, असं काही अभ्यासक मानतात. पाच मार्कांना येतं.

जगदेवीनं हात वर केला. ती माकणीची, लिंगायत शेतकऱ्याची मुलगी. वर्गात लिहून घेणारी ती एकटीच.

"सर, घरच्यांनी विचारलं तर चालतं का?"

"नाही. पाहुण्यानंच विचारायचं."

"आणि पाहुण्याला आधी सांगून ठेवलं तर?"

"मग तो प्रश्न त्याचा राहत नाही."

तिनं तेही लिहून घेतलं. तास संपल्यावर म्हणाली, "रविवारी जेवायला या सर. मंगळवारी अप्पांचा पाय काढणार हायत सोलापूरला. त्याच्या आधी या."

रविवारी जीपमधून उतरलो तेव्हा तिचे वडील महांतप्पा धरणाच्या पाण्याकडून काठी टेकत येत होते. डाव्या मांडीला बँडेज, हातात गळ. लिंगायत माणसाच्या हातात गळ पाहून मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "धरतो आन् सोडतो. बसवत न्हाय घरी." दोन वर्षांपूर्वी शेतात काहीतरी लागलं, ते भरलंच नाही. साखर नाही, काही नाही. घराभोवती त्यांचं सहा एकर पांढरं पडलेलं. बांधापलीकडं शेजाऱ्यांचा ऊस हिरवागार. बोअर तीनदा मारले, तिन्ही कोरडे.

ओसरीवर आम्ही दोघं जेवायला बसलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी. जगदेवी वाढत होती. दुपारचा एक वाजला होता. पत्रा तापून टकटक वाजत होता.

तिची आई शांताक्का स्वयंपाकघरातून आली. दोन्ही हातांवर परात, वर पांढरं फडकं. आमच्यासमोरून आतल्या खोलीत गेली. कुणाकडं पाहिलं नाही.

महांतप्पांनी वांगं मोडलं. "ऊन लई हाय," मी म्हणालो.

"व्हय."

शांताक्का पुन्हा स्वयंपाकघरातून आली. तीच परात. आतल्या खोलीतून ती बाहेर आलेली मी पाहिली नव्हती.



तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मागं एक उंच माणूस होता. त्यानं पहार उभी धरली होती, टोक वर. टोकावरून काहीतरी ओघळून त्याच्या मुठीवर येत होतं, आणि मुठीवरून फरशीवर. काळ्या शहाबादीवर रंग नीट कळत नाही.

महांतप्पांचा हात थांबला होता. ते माझ्या तोंडाकडं पाहत होते.

जगदेवी पळी धरून उभी होती.

मला गोष्ट पाठ होती. मी तोंड उघडलं. 'हे कुठं नेताय, कुणासाठी' एवढं जिभेवर आलं, आणि लहानपणापासूनचं आठवलं: काही घेऊन निघालेल्या माणसाला कुठं म्हणू नये, अपशकुन होतो. शिवाय लोकांच्या घरात कोण काय नेतं, हे पाहुण्यानं विचारायचं नसतं.

"सर," जगदेवी म्हणाली. "काही पायजे का?"

"नाही," मी म्हणालो. "पोटभर झालं."

दोघं आतल्या खोलीत गेली. "बरं," महांतप्पा म्हणाले, आणि ताटात हात धुतला.

तेवढ्यात शांताक्का स्वयंपाकघराच्या दारात आली. कोपरापर्यंत पीठ. "सर, हुग्गी घेतल्याबिगर उठायचं न्हाय हं."

मी हुग्गी घेतली, गूळ-गव्हाची.

जीपपर्यंत जगदेवी सोडायला आली. तिनं जीपचं दार धरून ठेवलं. मग म्हणाली, "डॉक्टर येऊन जेवून गेले. तलाठी गेले. मामा गेले. त्यांना गोष्ट म्हायती नव्हती."

मी उलटा फिरलो. ओसरीवर महांतप्पा बँडेज सोडत होते. मी आतल्या खोलीचं दार ढकललं. खताची पोती, छतापर्यंत. माणूस उभा राहील एवढीही जागा नव्हती.

"ते कुणासाठी होतं?" मी विचारलं. मोठ्यानं विचारलं.

महांतप्पांनी मान वर केली. "काय, सर?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मंगळवारी पाय काढला, मांडीपासून. ऑपरेशन व्यवस्थित झालं. त्याच आठवड्यात बांधापलीकडच्या चार शेतांतले बोअर आटले. मे महिना होता. मे महिन्यात बोअर आटतात.